गिरणीवाल्याची बायको

“पुन्हा चेन. दर वर्षी घसा फोडून सांगते, तरी कुणीतरी चेनचाच झगा आणून टाकतं, आणि मग नावं मला ठेवतात,” हालीना पुटपुटत होती. तोंडात टाचण्या धरल्यामुळे ते सगळं दातांच्या फटीतून येत होतं, आणि थेट लुद्विकाच्या मानेवर. लुद्विका दोन्ही हात वर करून उभी होती, डॉक्टरकडे नेलेल्या मुलीसारखी. छप्पन्नाव्या वर्षी परक्या बाईसमोर असं उभं राहायचं आणि आपल्या पाठीवरून तिला चिडचिड करू द्यायची, यात एक प्रकारचा आराम होता हे तिचं तिलाच नवल वाटलं. एरवी या तळघरातल्या खोलीत किल्ल्याची तिकिटं विकायचे. आज तिथल्या खुंट्यांवर जाकिटं, जीन्स, कुणाच्या तरी मोटरसायकलचं हेल्मेट, आणि कोपऱ्यात खोक्यामध्ये सगळ्यांची घड्याळं. हालीना एरवी सहकारी बँकेत कॅशियर होती. ती चेन उसवून तिथं नाडी ओवत होती, कारण चौदाव्या शतकात चेन नसते.

“आता चष्मा,” ती म्हणाली.

“चष्मा होता तेव्हा,” लुद्विका म्हणाली. “तेराव्या शतकापासून आहे. इटलीत.”

“इटलीत असेल. इकडं पोचला नव्हता.”

लुद्विकानं चष्मा काढून दिला. अठ्ठावीस वर्षं व्रोत्स्वाफच्या एका चष्म्याच्या दुकानात ती लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलत आली होती, आता बरं दिसतंय की मघाशी, आता की मघाशी. त्या बाईला कुणी चष्म्याचा इतिहास शिकवावा याचं तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. समोरची हालीना एकदम मऊ झाली, कडा विरघळलेल्या बाईसारखी, आणि लुद्विकाच्या मनात आलं की आज नेमकं स्पष्ट दिसायला हवं होतं. ती आलीच होती एका बाईचं तोंड बघायला. त्या बाईचं नाव दोब्रोखना. तिचा नवरा वितोल्ड मार्चमध्ये गेला. ट्रामच्या थांब्यावर, हातात पावाची पिशवी, छातीत एकच कळ. सप्टेंबरात तिनं इमारतीच्या तळघरातली आपली कोठडी उघडली, त्याची लोखंडी पेटी उघडली, त्यातला कड्यांचा जाळीदार अंगरखा दोन्ही हातांनी उपसून बाहेर काढला, आणि त्याच्याखाली मेणबत्त्यांचे अकरा तुकडे मिळाले. मधमाशांच्या मेणाचे, अर्धे जळलेले. प्रत्येक तुकडा कोऱ्या तागाच्या फडक्यात गुंडाळलेला आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर साल आणि त्याच्या त्या ठसठशीत अक्षरात, ज्या अक्षरात तो लिफ्टच्या दारांवर ‘दुरुस्ती चालू आहे’ लिहायचा, एकच नाव. दोब्रोखना. अकरा वर्षं, अकरा तुकडे. ती तळघरातच एका उलट्या बादलीवर बसली होती, दिवा दर दोन मिनिटांनी आपोआप विझत होता, आणि ती दर दोन मिनिटांनी हात हलवून तो पेटवत होती.

त्याचा तिला राग आला होता असं म्हणता येणार नाही. आधी आली ती उत्सुकता, आणि तिचीच तिला लाज वाटली. वितोल्डसारख्या माणसाला, जो बसायच्या आधी सोफ्यावरची चुरगळलेली चादर सारखी करायचा, ज्याला हॉटेलात वेटरला हाक मारायची भीती वाटायची, त्याला एखादी दोब्रोखना असावी. दर वर्षी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, संत मार्टिनच्या सणाला, बदकांच्या जेवणाला तो इथे येत होता आणि कुणा बाईसमोर मेणबत्ती लावून बसत होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा वास यायचा आणि तो नेहमीपेक्षा कमी बोलायचा. ती म्हणायची, झालं का युद्ध? जिंकलात का? तो म्हणायचा, जेवण होतं फक्त. मग तिनं त्याच्या मंडळाला, चौदाव्या शतकात राहण्याचा खेळ करणाऱ्या त्या हौशी लोकांना, फोन केला, अंगरख्याचं काय करायचं विचारायला, आणि बोलता बोलता म्हणून गेली की मीच घेऊन येते, जेवणालाही बसेन म्हणते, चालेल का. पलीकडं हालीना होती. मग ती म्हणाली, “या ना. का नाही. या.” पण आवाज असा, की जणू कुणी दार उघडून आत पाहुणा येताना बघावा आणि घरात पसारा असावा.

पडद्यापलीकडून आता दोन आवाज येत होते, एक पुरुषाचा आणि एक बाईचा. पडदा म्हणजे नुसती चादर, त्यामुळे ते लांब असल्याचा देखावासुद्धा नव्हता. “तिला कुणी सांगितलंय का?” “मी नाही बाबा.” “मग कोण सांगणार?” “तेओफिला सांगेल.” “तेओफिलाचे हात बदकाच्या पोटात आहेत.” “मग राहू दे.” हालीनानं घसा खाकरला, गरजेपेक्षा मोठ्यानं. आवाज बंद झाले. “जागेवरून बोलत असतील,” हालीना म्हणाली, “बसायच्या. जागांवरून नेहमी भांडणं होतात.” आणि नाडीची गाठ इतकी करकचून मारली की लुद्विकाला श्वास मोजून घ्यावा लागला. सांगतील, असं तिला वाटलं. मी शोधायच्या आधीच सांगतील. आणि सांगू नये असंही वाटलं. सांगितल्यावर बघणं संपतं.

तिनं बरोबर बटाट्याचे गोळे आणले होते, पातेलंभर, वर तळलेल्या कांद्याचा थर. मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून. स्वयंपाकघराच्या दारात एका माणसानं पातेल्याचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि अतिशय दुःखी आवाजात म्हणाला, “बाई, बटाटा.” मग तिलाही कळलं. बटाटा अजून समुद्रापलीकडं होता, इथं यायला त्याला दोनशे वर्षं लागणार होती. वितोल्डनं हे तिला एकदा सांगितलं होतं, जेवताना, काटा वर धरून. टोमॅटो नाही, मका नाही, बटाटा नाही, मिरची नाही. ती म्हणाली होती, मग खाता काय, एकमेकांना? पातेलं एका फडक्याखाली झाकून मागं ठेवलं गेलं. पुढच्या दोन तासांत वेगवेगळी माणसं ‘सरपण बघून येतो’ म्हणून उठून मागं जात होती आणि ओठ पुसत परत येत होती, आणि ते एवढं एकच चोरटेपण तिला त्या दिवशी सोसवलं.

दालनाच्या दारात निवेदक उभा होता, ओल्गिएर्द नावाचा; एरवी तो पोस्टात टपाल वाटायचा. हातात काठी, डोक्यावर लाल टोपी; लुद्विकाला दिसला तो एक उभा तांबडा डाग. इथं आत जायचं तर आपलं खरं नाव बाहेर ठेवायचं, जाकिटाबरोबर. त्या काळात शोभेल असं नाव सांगायचं, धंदा सांगायचा, निवेदक काठी आपटून ते मोठ्यानं म्हणतो, आणि मग सगळे तुम्हाला त्याच नावानं हाक मारतात, आणि अरे-तुरे करतात; त्या तळघरात न्यायाधीशसुद्धा सुताराला ‘अहो’ म्हणत नाही. वितोल्ड इथं शिमोन होता, शिमोन गिरणीवाला. हे तिला ठाऊक होतं. आपण काय नाव सांगायचं ते तिनं येताना बसमध्ये ठरवलं होतं, एक साधंसं, आजीचं, यादविगा. आणि तरी ओल्गिएर्दनं “कोण आलंय दारात?” विचारल्यावर तिच्या तोंडून शांतपणे, दुकानात गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसं आलं, “दोब्रोखना.”

काठी आपटली गेली नाही. दालनात चाळीसएक माणसं होती; लाकडी वाट्या, बाक सरकवणं, हसणं, सगळं चालू होतं, आणि ते पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत क्रमानं बंद होत गेलं, जसं इमारतीत एकेका मजल्यावरचे दिवे विझतात. लुद्विकानं डोळे बारीक केले. आता कोण लाजतंय ते बघायचं होतं. एक तरी बाई खाली बघेल. चेहऱ्यांऐवजी तिला चाळीस फिकट वर्तुळं दिसत होती, आणि ती सगळीच्या सगळी खाली बघत होती.

“ते नाव,” ओल्गिएर्द हळू आवाजात म्हणाला, “ते नाव घेतलेलं आहे.”

“कुणी?”

“आहे एक. आमच्यात.”

“मग ती आज आली आहे का?”

“नाही. ती,” ओल्गिएर्दनं टोपी सारखी केली, “ती येत नसते.”

“अकरा वर्षं येत होती ना?”

त्यानं मागं वळून पाहिलं, मदतीसाठी. मागून कुणीतरी म्हणालं, “घे रे आत, बदक गार होतंय.” मग त्यानं काठी आपटली, पण नाव उच्चारलं नाही, नुसतं “पाहुण्या बाई” म्हणाला. ती आत गेली. येत नसते. म्हणजे आज येणार नव्हती; म्हणजे तिला कळवलं गेलं होतं की मी येतेय. तिला आपल्या छातीत, नाडीच्या त्या आवळलेल्या गाठीखाली, काहीतरी फार तरुण हललेलं जाणवलं. ती तीस वर्षं वितोल्डवरून एकदाही कुणावर जळली नव्हती. जळायला जागाच दिली नव्हती त्यानं. आणि हे काय होतं, मेलेल्या नवऱ्यावरून जळणं. हे कुणाला सांगायचं, कुठल्या डॉक्टरला, कुठल्या पाद्र्याला? कबुलीजबाब देताना म्हणायचं की फादर, मला उशीर झाला?

तिला तेओफिलाजवळ बसवलं. दोघींत एक लाकडी पाटी, तीतच दोघींनी खायचं, सुरी आपापली, चमचा आपापला, काटा नाही. तेओफिला सत्तरीची, रुंद, भूल देणारी नर्स म्हणून चाळीस वर्षं इस्पितळात काढलेली. आवाज खर्जातला, आणि बोटांवर बदकाची चरबी अजून चमकत होती. इतक्या जवळचं मात्र लुद्विकाला नीट दिसत होतं. “खा,” असं तेओफिला समोरच्या माणसाला म्हणाली, आणि लुद्विकाकडे वळून, “घ्या ना तुम्ही.” हे लुद्विकाच्या कानात टोचलं. एकटी तीच इथं ‘तुम्ही’ होती. सगळं तळघर एकमेकांना बहिणी आणि भावा म्हणत होतं, ओरडत होतं, एकमेकांच्या पाटीतलं उचलत होतं, आणि तिच्यापाशी आल्यावर प्रत्येक आवाज उंबरठ्यावर थांबल्यासारखा होत होता. घ्या बाई. बसा बाई. दारू जड आहे बाई, जपून. बाजरीचा भात, मुळ्याची तिखट चटणी, आंबट लापशी, बदकाची कातडी दाताखाली कुरकुरली आणि आतली चरबी गोड. चविष्ट होतं, आणि तिला त्याचा राग आला. इतकं चांगलं जेवून तो घरी यायचा आणि ती त्याच्यासमोर सूप गरम करून ठेवायची, आणि तो तेही प्यायचा.

वितोल्डनं पहिल्यांदा तो अंगरखा घातला ते घरातल्या बोळकांडीत. खाली हातानं शिवलेला तागाचा सदरा, डोक्यावर टोक असलेली टोपी, आणि ते त्याचे लिफ्ट दुरुस्त करणारे जाडजूड हात बाजूला लोंबत. तो आरशात बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. आणि ती हसली. हसली म्हणजे बसूनच घेतलं तिनं, चपलांच्या कपाटावर, डोळ्यांतून पाणी, आणि बहिणीला फोन लावला, अगं ऐक, माझ्या नवऱ्याचं बुजगावणं झालंय, आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला, बोल ना काहीतरी जुन्या काळातलं. तोही हसला होता. हे तिला पक्कं आठवत होतं, तोही हसला होता. मग तो म्हणाला, येतेस का शनिवारी, बायका येतात बऱ्याच. ती म्हणाली, मी कशाला, मला माझंच शतक पुरतं. त्यावरही तो हसला. त्यानंतर त्यानं पुन्हा विचारलं नाही. तिनं हे कधी मोजलं नव्हतं; आज, बदकाचा पाय हातात धरून बसलेली असताना, ती मोजत होती. एकदाच. अकरा वर्षांत एकदाच विचारलं. आणि नंतर ते घरातलं विनोदाचं साधन झालं; पाहुणे आले की ती म्हणायची, सरदारसाहेबांना विचारा, त्यांना सूप चालतं का; आणि वितोल्ड उठून पाहुण्यांचे कोट टांगायला जायचा.

जेवण अर्ध्यावर आल्यावर, बदकं संपून सफरचंदं यायच्या आधी, ओल्गिएर्द पुन्हा उभा राहिला. उंच खिडक्यांतून दुपारचा उजेड तिरका येत होता, त्यात धूर दिसत होता. एकेक जण उठून, मधल्या लांब टेबलावर एकेक मेणबत्ती लावून, आपल्या माणसाचं नाव घेऊ लागला. लोहार म्हणाला, माझा भाऊ, तापानं गेला. एक तरुण विणकरीण म्हणाली, माझी दोन बाळं, थंडीत गेली. त्यांची ती नावं खरी नव्हती, मरणं खरी नव्हती, ती त्यांच्या त्या काळातल्या माणसांची होती. आणि तरी विणकरणीचा आवाज चिरकला, आणि लुद्विकाला वाटलं की या मुलीचं काहीतरी खरंच गेलं असणार, आणि ते सांगायला तिला चौदाव्या शतकापर्यंत जावं लागलं. सगळे प्रत्येक नावानंतर प्याला उचलून एक घोट घेत होते. मग हळूहळू लुद्विकाच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं तसं तिच्या बोटांवरची चरबी गार होत गेली. मेणबत्त्या मेलेल्यांच्या होत्या. अकरा मेणबत्त्या. दोब्रोखना मेलेली होती.

म्हणजे ती चाळिसांत कुणी नव्हतीच. ती जी इतका वेळ शोधत होती, जिचे गाल, जिचे दात, जिचं वय तिनं मनात तयार केलं होतं, ती बाई या दालनात बसलीच नव्हती. आणि मग लगेच, एका श्वासात, ते जास्त वाईट झालं. जिवंत बाईशी भांडता येतं. तिच्या आधीची कुणी? लग्नाच्या आधीची, सैन्यात असतानाची, गावातली? एखादी मुलगी, जिच्याबद्दल त्यानं तीस वर्षांत एक अक्षर काढलं नाही आणि इथं येऊन परक्यांना सांगितलं, दर वर्षी, नाव घेऊन? तिनं वितोल्डच्या सगळ्या गप्प संध्याकाळी डोळ्यांपुढून नेल्या, एकामागून एक, भिंगांसारख्या, आता बरं दिसतंय की मघाशी. प्रत्येक वेळी मघाशीचंच बरं दिसत होतं.

“आणि आता,” ओल्गिएर्द म्हणाला, “आपला भाऊ शिमोन गिरणीवाला. या मार्चात गेला.” हा एकच त्या टेबलावरचा खराखुरा मेलेला होता. सगळे उभे राहिले. हालीना चक्क रडत होती, मुसमुसून. मेणबत्ती ओल्गिएर्दनंच लावली. सगळे प्यायले. मग कुणीच बसेना. शिमोनच्या पाळीला दर वर्षी कुणाचं तरी नाव यायचं, हे त्यांच्या उभ्या राहण्यावरून कळत होतं. जिन्यावरून उतरताना एक पायरी कमी असल्यासारखे सगळे त्या जागी लटकले होते. ओल्गिएर्दच्या हातात एक न पेटवलेली मेणबत्ती होती आणि तो ती या हातातून त्या हातात घेत होता.

“ती दोब्रोखनाची ना?” लुद्विका म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “ती आता कोण लावणार?”

लोहारानं सुरी पाटीवर नीट सरळ ठेवली.

“मी विचारतेय एवढंच, की ती कधी गेली. मला राग नाही. मला फक्त तिचं काय झालं ते सांगा. मी तीस वर्षं त्याच्याबरोबर राहिले, मला एवढं तरी कळायला नको का?”

“बाई,” ओल्गिएर्द म्हणाला, “आपण सफरचंदं आणू या का आधी?”

“ओल्गिएर्द, बस खाली,” तेओफिला म्हणाली. तिनं हात फडक्याला पुसले, एकेक बोट. लुद्विकाचा हात धरून तिला बाकावर खाली बसवलं, आणि तोंड इतकं जवळ आणलं की लुद्विकाला तिच्या भुवयांतला एकेक पांढरा केस दिसला. इस्पितळात माणूस झोपवायच्या आधी ती अशीच वाकत असेल.

“दोब्रोखनाला मीठ कमी पडलं की चालायचं नाही,” तेओफिला म्हणाली. “माणूस दारातून आत आला की ती त्याच्या डोळ्यांकडे बघून सांगायची, याला लांबचं दिसत नाही. झोपेत नवऱ्याची उशी ओढून घ्यायची. रागावली की भांड्यांची झाकणं चुकीच्या भांड्यांवर ठेवायची. हिवाळ्यात पाय गार, म्हणून त्याच्या पोटऱ्यांना लावायची. हे सगळं आम्ही त्याच्या तोंडून ऐकलंय, अकरा वर्षं. हालीना दर वर्षी रडायची. मी म्हणायचे, शिमोन, अशी बाई तुला मिळाली कुठं.”

लुद्विकानं आपले पाय बाकाखाली ओढून घेतले. ते गार होते.

“पहिल्या वर्षी आम्ही त्याला विचारलं, बायकोला का नाही आणलीस,” तेओफिला म्हणाली. “तो म्हणाला, ती हसते मला. मग जरा वेळानं म्हणाला, असं करा, शिमोनची बायको वारली म्हणून लिहा, दोब्रोखना नाव लिहा, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही. आम्ही लिहिलं. ती तू आहेस, लुद्विका. तू त्याला हसलीस म्हणून त्यानं तुला मारून टाकलं, आणि मग दर वर्षी त्या दाराकडे तोंड करूनच जेवायला बसला.”